भोसरीचं वर्कशॉप आत्ता विकू का?

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ५८, भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सीएनसीचं जॉबवर्क, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून द्यायचे, २२ वर्षं प्रोप्रायटरशिप, धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर, मुलगा जर्मनीत आणि तो काही परत येऊन मशीनवर उभा राहणार नाही, एक पार्टी २.४० कोटी द्यायला तयार आहे, १.५० आत्ता आणि ९० लाख दोन वर्षांत हप्त्याने, आणि तुमच्या मनात सगळे पैसे बाणेरच्या फ्लॅटमध्ये टाकून मोकळं व्हायचं आहे.

माझं मत, विका, पण या अटींवर नको आणि जमलं तर वर्षभर थांबून.

कारण तुम्हीच लिहिलंय की रेटची डायरी तुमच्या खिशात, गिऱ्हाईक कंपन्यांच्या परचेसवाल्यांचे फोन तुमच्याच मोबाईलवर आणि चाकणहून रिजेक्शनचा लॉट परत आला की टेम्पोसोबत तुम्हीच पळता. मग समोरचा विकत काय घेतोय, चार जुन्या मशीन आणि तुमचा मोबाईल नंबर! म्हणून तर त्याने ९० लाख मागे ठेवलेत, वेडा नाहीये तो. डायरी कॉम्प्युटरवर आणा, मशीन लावून देणाऱ्या तुमच्या त्या सेटरला कोटेशन करायला शिकवा, मोठ्या दोन गिऱ्हाइकांकडून लेखी रेट काँट्रॅक्ट घ्या, मग भावाला बसा.

आता टॅक्स. मशीन वेगळ्या, माल वेगळा असं सुटं विकलंत तर मशीन कितीही जुनी असली तरी तिच्यावरचा नफा शॉर्ट टर्म धरतात, म्हणजे तुमच्या स्लॅबच्या दराने टॅक्स. अख्खा धंदा एकरकमी किमतीला म्हणजे स्लम्प सेलने दिला तर ३६ महिन्यांच्या वर चाललेला असल्याने नफा लाँग टर्म धरून १२.५ टक्के टॅक्स लागतो, आणि चालू धंदा आहे तसा ट्रान्सफर होतो म्हणून जीएसटीही नाही. धंद्याची नेटवर्थ, म्हणजे वहीतल्या मालमत्तेतून देणी वजा करून उरते ती रक्कम, ८० लाख धरली तर नफा १.६० कोटी, त्यावर सरचार्ज आणि सेस धरून साधारण २४ लाख. आणि हा टॅक्स विक्रीच्या वर्षातच बसतो, ९० लाख नंतर येणार असले तरी!

कराराच्या ड्राफ्टमध्ये ४० लाख 'नॉन-कॉम्पीट'च्या नावाने, म्हणजे तुम्ही पुन्हा असाच धंदा काढायचा नाही या अटीसाठी, टाकलेत ते बघितलं का? ते धंद्याचं उत्पन्न धरतात, ३० टक्क्यांनी १२ लाख, स्लम्प सेलमध्ये असते तर ५ लाख, दोन्ही सरचार्ज-सेस सोडून. त्या अटीची खरंच एवढी किंमत आहे का हे तुमच्या सीएला आधी विचारा.

हप्त्यांसाठी बँक गॅरंटी मागा, पुढच्या तारखांच्या चेकवर भागवू नका. माझ्या एका क्लायंटचे असेच दोन चेक बाउन्स झाले, अजून शिवाजीनगर कोर्टात हेलपाटे घालतोय बिचारा. धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या सीसी लिमिटला, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जाला, चिंचवडचं घर तारण आहे ना, धंदा दुसऱ्याच्या नावावर गेला म्हणून बँक तुम्हाला आपोआप सोडत नाही, तारण सुटल्याचा कागद हातात आल्याशिवाय सही नको. ११ कामगारांची आजवरची ग्रॅच्युइटी कोण देणार तेही करारात लिहून घ्या, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, जुन्या माणसांचे आकडे मोठे होतात.

बाणेरचं म्हणाल तर घर घेऊन टॅक्स वाचतो हे खरं, पण पूर्ण सूट हवी तर हातात येणारी अख्खी रक्कम घरात घालावी लागते, म्हणजे २४ लाख वाचवायला २.४० कोटी विटांत अडकवायचे, त्यातले ९० तर अजून आलेलेही नाहीत, आणि काकूंना दर महिन्याला घरखर्चाला लागणारे ८० हजार कुठून आणायचे? मी तर टॅक्स भरून मोकळा झालो असतो. ६० झाल्यावर सिनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. बँकेत एफडी केलीत तर एकाच बँकेत सगळं नको, विमा ५ लाखांपर्यंतच आहे.

आधी एक करा, तीन आठवडे मुलाकडे जाऊन या, कामाचा फोन सेटरकडे देऊन. त्या दिवसांत कोणकोणत्या कामासाठी तुम्हाला जर्मनीत फोन आला ते वहीत लिहून मला पाठवा, किमतीचं आपण त्या यादीवरून बोलू.