आधी तिच्याशी बोल, मग मला लिही

अगं,

तुझं सहा पानी पत्र दोनदा वाचलं. तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव एकतीस वेळा आलंय, मी मोजलं. 'दुखलं' हा शब्द मात्र एकदाही नाही. तू विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिने चारचौघींत हसत हसत बोलून टाकली, सगळ्या हसल्या आणि तूही हसलीस. ते तुझं हसणं वाचताना मला भरून आलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत हे कुणाकुणाला सांगितलंस? तुझ्याच पत्रात आहे: पाच मैत्रिणी, मोठा भाऊ आणि आता मी. फक्त तिला नाही.

तिलाच सांग. मला एवढंच म्हणायचंय आणि तू कंटाळेपर्यंत मी तेच म्हणणार आहे.

'बोलून मन हलकं होतं' असं तू लिहिलंयस. झालं का हलकं? ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये चिडलेल्या माणसांना, ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणून, पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले होते. राग उतरला नाही, वाढला. नुसते गप्प बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. त्याच वर्षी अमांडा रोझ यांनी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. एकच दुखणं मिळून उगाळत बसणाऱ्यांची मैत्री घट्ट दिसली, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त दिसली. तुझ्या पाच मैत्रिणी वाईट नाहीत गं. पण त्यांच्याजवळ तुझं औषध नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना एका मैत्रिणीबरोबर एक लेख लिहिला होता. तो छापून आला तेव्हा त्यावर तिचं एकटीचं नाव होतं. मी सगळ्या वसतिगृहाला सांगितलं. तिला सोडून. दोन वर्षं आम्ही एकाच मजल्यावर राहून बोललो नाही. अकरा वर्षांनी भेटलो तेव्हा ती म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, माझं नाव नको म्हणून?" म्हणाले असेन. लेख नीट जमला नाही असं वाटून चिडून बोलले असेन कधीतरी. तरी तिने छापायला देण्याआधी एकदा विचारायला हवं होतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही. तेव्हा मला राग येणं चूक नव्हतं. पण तो राग तिच्या दारापर्यंत गेलाच नाही, बाकीच्या सगळ्या खोल्यांतून फिरून आला.

म्हणून तिलाच सांग.

कसं, ते विचारलंयस. मराठीत 'वाटणं' विचारालाही चालतं आणि भावनेलाही, तिथेच आपण फसतो. 'मला वाटलं तू मतलबी आहेस' ही भावना नव्हे, आरोप आहे. 'मला लाज वाटली' ही भावना. तू सगळ्यालाच 'राग' म्हणतेस. जरा खरवडून बघ, खाली लाज आहे, आणि ती आपल्याला सोडून जाईल ही भीतीही असावी. नेमकं नाव सापडलं की निम्मा गोंधळ तिथेच ओसरतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं, की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, खळबळ कमी होते.

मग समोरासमोर बस. मेसेज नको, मध्यस्थ नको, ज्या दिवशी डोकं तापलेलं असेल तो दिवस नको. तीन वाक्यं पुरेत: "ती गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती. तू सगळ्यांसमोर बोललीस तेव्हा मला फार लाज वाटली. पुन्हा असं करू नकोस." पुढे 'तू नेहमीच अशी' जोडलंस की ती आधीची वाक्यं विसरेल आणि 'नेहमीच' खोडून काढत बसेल. बोलून झालं की थांब. तिला गप्प राहू दे. ती उलटून बोलेलही. तरीही तुझं सांगून झालेलं असेल.

एक गोष्ट वेगळी. कुणी धमकावत असेल, हात उगारत असेल, टोळीने छळत असेल, तर ते मैत्रिणींमधलं भांडण नव्हे. तिथे एकटीने बोलायला जायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. तुझं तसं नाही, हे तुझ्या पत्रावरून मला नीट कळलंय.

गुरुवारी तुम्ही दोघीच सरावाला लवकर पोहोचता असं चौथ्या पानावर लिहिलंयस. ती दहा मिनिटं वापर. तुझी सहा पानं मी जपून ठेवलीत, पण तिच्याविषयीचं सातवं पान तिच्याशी बोलण्याआधी पाठवलंस तर मी ते उघडणार नाही.

तुझी,
मावशी