जुन्या गाडीचे ब्रेक कमी लागतायत? आधी पेडल काय सांगतंय ते बघा

या वेळी सगळे प्रश्न ब्रेकचेच घेतलेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच, की हे बदललं, ते बदललं, तरी ब्रेक कमीच लागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, पार्ट विकत घ्यायच्या आधी पेडल नीट बघा, कारण पेडल खाली जातंय, मऊ लागतंय, दगडासारखं कडक झालंय की हळूहळू बसतंय, हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न: माझी गाडी साधारण अठरा वर्षं जुनी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गेले काही महिने ब्रेक दाबला की पेडल खूप खाली जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि ब्रेक छान लागतो. पुढचे पॅड नवीन टाकले, ब्रेक ऑइल बदललं, दोनदा ऑइलमधली हवा काढून घेतली, काही फरक नाही. ऑइल कमी होत नाही. आता मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर गेला. बदलू का? हँडब्रेक पण हल्ली जवळजवळ पूर्ण वर ओढावा लागतो, पण तो वेगळा विषय असेल.

उत्तर: वेगळा नाही हो, तोच तर विषय आहे! पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या दाबाला वर, वर आल्यावर कडक, आणि सोबत हँडब्रेक लांबलेला, हे सगळं एकत्र असेल तर आधी मागचे ड्रम उघडायचे. होतं काय, की ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू झिजत जातात आणि शू व ड्रममधली फट वाढत जाते. ती फट आपोआप भरून काढायला आत ॲडजस्टर असतो, पण जुन्या गाडीत तो गंजून जागच्या जागी बसतो. मग पहिल्या दाबाचं सगळं ऑइल शू ड्रमपर्यंत ढकलण्यातच खर्च होतं, आणि दुसरा दाब देईपर्यंत शू पूर्ण मागे गेलेले नसतात म्हणून पेडल वर लागतं. तुम्ही कितीही वेळा हवा काढा, फट तेवढीच राहणार.

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, त्याची शंका घरच्या घरी तपासता येते. इंजिन चालू ठेवा, पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा, मग एकदा अगदी हलक्या दाबाने धरून बघा. पेडल एका जागी थांबलं तर मास्टर बहुतेक ठीक आहे. पायाखाली हळूहळू बसत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर आतल्या रबराच्या सीलवरून ऑइल मागे सरकतंय, मग मात्र मास्टर बदलायलाच हवा. हलक्या दाबाची टेस्ट सोडू नका, जोरात दाबल्यावर सील दाबानेच भिंतीला चिकटतं आणि दोष लपतो.

आता ड्रम. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, हँडब्रेक सोडा, मागची बाजू उचला आणि स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम अजिबात करू नका. ड्रम निघत नसेल तर हातोडा घेऊन तुटून पडू नका, आतल्या कडेला झिजून धार आलेली असते आणि शू तिच्यात अडकतात. आधी ॲडजस्टर सैल करा, बऱ्याच गाड्यांत त्यासाठी मागच्या प्लेटला रबरी बूच असलेलं भोक असतं. उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मग ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचलून आत बघा. थोडासा ओलसरपणा चालतो, पण थेंब जमलेला दिसला किंवा टोपण उचलताच ऑइल ओघळलं तर सिलिंडर संपला. ऑइलने भिजलेले शू पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत लावतात, तसं करू नका, लायनिंगने शोषलेलं ऑइल गरम झालं की परत वर येतं. शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम.

ॲडजस्टर काढून वायर ब्रशने साफ करा, आटे मोकळे फिरले पाहिजेत, आणि थोडंसं उष्णता सहन करणारं ब्रेकचं ग्रीस लावा. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे होती ते दुसऱ्या बाजूला बघता येतं, शिवाय बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर तो फट कमी करायच्या ऐवजी वाढवत बसेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते. हँडब्रेक लांबला म्हणून नुसती केबल आवळून देतात, दोन दिवस बरं वाटतं. पण केबल ताणली की शू कायम थोडे बाहेर धरलेले राहतात, आपल्या मूळ जागी परत येत नाहीत आणि आपोआप चालणारा ॲडजस्टर काम करायचंच सोडतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी केबल पूर्ण सैल करायची, मग चाक हाताने फिरवून शू घासेपर्यंत ॲडजस्टर आवळायचा, दोन-तीनदा पेडल दाबून शू मध्यावर बसू द्यायचे, चाक अगदी हलकं घासत फिरेल एवढा मागे घ्यायचा, आणि केबल सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा एवढ्यातच पेडल वर येतं आणि हँडब्रेकही सुधारतो.

एवढं करूनही पहिला दाब खालीच गेला तर पुढचं चाक वरून-खालून धरून हलवून बघा. बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तर चालत्या गाडीत पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला तेच अंतर भरून काढावं लागतं. वळणानंतरचा पहिला ब्रेक खाली जात असेल तर ही शंका पक्की धरा.

प्रश्न: पेडल खाली जात नाही, उलट इतकं कडक झालंय की गाडी थांबवायला पेडलवर उभं राहावं लागतं. पॅड अजून जाड आहेत. हवा काढून घेऊ का?

उत्तर: नको, ऑइलमध्ये हवा असली तर पेडल मऊ होतं, कडक नाही. तुमचा आजार दोनपैकी एक आहे, एक तर बूस्टरची, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणाऱ्या डब्याची, मदत मिळत नाही किंवा पॅड डिस्कला नीट धरत नाहीत.

बूस्टर तपासायला काहीही हत्यार लागत नाही. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल, मग पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली सरकलं पाहिजे, जागचं हललंच नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही किंवा बूस्टरच गेलाय. दुसरी टेस्ट, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा आणि मग पेडल दाबा. पहिला दाब नेहमीसारखा नरम आणि पुढचे दोन-तीन कडक होत गेले तर व्हॅक्यूम टिकतोय. पहिलाच कडक लागला तर बूस्टरकडे जाणारी नळी आणि तिच्यावरचा एकेरी व्हॉल्व्ह आधी बघा, बूस्टर नंतर. ही नळी जुनी झाली की बाहेरून धड दिसते पण आतून मऊ पडून चिकटते, आणि नळी, व्हॉल्व्ह दोन्ही बूस्टरपेक्षा खूप स्वस्त असतात. पेडल दाबल्यावर पायाशी सतत सूं असा आवाज येत असेल किंवा इंजिनची आयडलिंग डळमळत असेल तर मात्र बूस्टरचा पडदा फाटलाय. डिझेल गाडीत बऱ्याचदा व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तोही तपासा.

दोन्ही टेस्ट पास झाल्या तर पॅडकडे वळा. जाड आहेत म्हणजे चांगले आहेत असं नाही, वरचा थर तापून काचेसारखा गुळगुळीत झाला तर पकड जाते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना काढून बघा, त्या अडकल्या की आतला पॅड झिजून जातो आणि बाहेरचा तसाच राहतो, आणि तुम्ही चाकाच्या फटीतून बघता तो नेमका बाहेरचा असतो. पिनांना साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा.

प्रश्न: ब्रेक ऑइल सारखं कमी होतंय पण गाडीखाली थेंब नाही, चाकंही कोरडी आहेत. ऑइल जातं कुठे?

उत्तर: आधी पॅड बघा. पॅड झिजले की कॅलिपरमधले पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते, ते नैसर्गिक आहे, अशा वेळी वरून भरत बसलात तर नवीन पॅड टाकताना तेच ऑइल बाहेर सांडेल, आणि रंगावर पडलं तर रंग उडेल, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड चांगले असून पातळी उतरतेय तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलाय तिथे संशय घ्या. मास्टरचं मागचं सील गळलं की ऑइल बाहेर न पडता थेट बूस्टरच्या पोटात जातं, म्हणून जमीन कोरडी राहते. जोडाखाली बोट फिरवून बघा, रंग सुटलेला किंवा ओल असेल तर नट काढून मास्टर थोडा पुढे ओढा, आत ऑइल दिसेलच. काही वेळा इंजिन ते ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हे कळल्यावर गाडी चालवू नका.

आणि हवा काढताना एक काळजी घ्या. जुन्या गाडीचं पेडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टरच्या आत जिथे सील रोज पोचत नाही तिथे गंज असतो, त्यावरून सील गेलं की फाटतं, आणि धडधाकट मास्टर हवा काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी जातो. डबी रिकामी होऊ देऊ नका. कॅलिपर नवीन लावले असतील तर हवा काढायची निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा, डावा-उजवा बदलला गेला तर निपल खाली येते आणि हवा कधीच निघत नाही.

प्रश्न: ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, एक चाक जास्त तापतं.

उत्तर: तापलेल्या बाजूचं चाक उचलून हाताने फिरवा. घट्ट असेल तर निपल जराशी उघडा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहत होता, बहुतेक चाकाकडे ऑइल नेणारा रबरी होज आतून सुजलाय, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. चाक तरीही घट्टच राहिलं तर पिस्टन किंवा पिना अडकल्यात. होज दोन्ही बाजूंचे बदला, वय दोघांचं सारखंच आहे. आणि नुसतं ओढतंय, कुठलंच चाक तापत नाही, तर ज्या बाजूला ओढतंय तिच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक काम करत नाहीये असं धरून चला.

प्रश्न: लांब उतारावर पेडल एकदम मऊ पडून तळाला गेलं, खाली पोचून थांबलो तर थोड्या वेळाने परत ठीक. ऑइल बघितलं, पातळी बरोबर आहे. ऑइल कधी बदललं होतं आठवत नाही. डॉट ५ प्रतीचं ऑइल टाकलं तर बरं का?

उत्तर: पातळी बरोबर असली तरी ऑइल जुनं झालंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचा उकळायचा बिंदू खाली येतो. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की हा आकडा १५५ पर्यंत उतरतो, डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला की कॅलिपरमधलं ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं म्हणून सगळं ठीक वाटतं, पण पुढच्या उतारावर हेच होणार. पेडल कडक राहून ब्रेक लागत नसता तर पॅड तापले म्हटलं असतं, तुमचं मऊ झालंय म्हणजे ऑइलच.

डॉट ५ टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या, सीलबंद नवी बाटली घ्या, अर्धी उघडी राहिलेली नको, आणि चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं काढून टाका. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, एबीएस असेल तर काही गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो. पुढे दर दोन वर्षांनी बदला आणि तारीख झाकणाजवळ लिहून ठेवा. ऑइल बदलेपर्यंत त्या उतारावर जाऊ नका. नंतरही उतरताना आधीच खालचा गिअर टाका, वेग इंजिनने धरा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा जोरात मारून सोडत चला.