घरी केमो : कुणाला चालेल, कुणाला नाही

रक्ताच्या कर्करोगाची केमो घरी घेण्याबद्दल पुण्यातून आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. मल्टिपल मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) दर आठवड्याला पोटाच्या त्वचेखाली बोर्टेझोमिब देतात. धायरीहून जाण्यायेण्यात आणि रांगेत अख्खा दिवस मोडतो, इंजेक्शन मात्र मिनिटभराचं. नर्स घरी येऊन देऊ शकेल का?

देऊ शकेल. ही सोय खरी अशाच रुग्णांसाठी आहे. सुरुवातीचे डोस मात्र रुग्णालयातच होऊ द्या. औषध सोसतंय का, ते तिथे कळतं. नंतरही घरी येणार ते फक्त इंजेक्शन, ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. आदल्या दिवशी घरून रक्त पाठवा. प्लेटलेट्सचा आकडा त्यांनी पाहिल्यावरच नर्सनं निघावं. सिरिंज फार्मसीतून भरून, नाव-डोस लिहून यावी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर औषध तयार करणं मला अजिबात मान्य नाही.

तळपायाला मुंग्या येतात का, आग होते का, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, हे नर्सनं दर वेळी विचारावं. हो असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि वडील स्वतःहून सांगतीलच असं नाही. नागीण होऊ नये म्हणून दिलेली असायक्लोव्हिर मनानं बंद करू नका. ग्रीन टी मात्र बंद. त्यानं या औषधाचा जोर कमी होऊ शकतो.

आता तापाचं. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. रात्री दोनला फोन कोण उचलणार, कुठल्या कॅज्युअल्टीत जायचं, हे आधी लिहून घ्या. ते मिळत नसेल तर घरी केमो घेऊ नका, सेवा कितीही चकचकीत असो. (पेठांत राहणाऱ्यांनी विसर्जनाच्या दिवशी गाडी कुठून निघेल तेही बघून ठेवावं.)

प्रश्न : भावाला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे, सलाईनमधून केमो चालते. ओळखीचे ब्रदर शीर शोधण्यात तरबेज आहेत. त्यांनी घरी लावली तर?

नको. डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर झिरपलं तर कातडीखालचं मांस जळतं, आणि रिटुक्सिमॅबनं, विशेषतः पहिल्या डोसला, हुडहुडी भरून बीपी कोसळू शकतो. ब्रदरचा हात चांगला असेलही. पण तेव्हा लागणारी माणसं आणि औषधं रुग्णालयाच्या डे-केअरमध्येच असतात.

प्रश्न : सासूबाईंना एमडीएससाठी (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) महिन्यात सात दिवस अ‍ॅझासिटिडिन घरी द्यायचं ठरतंय. मला पाचवा महिना आहे, बाथरूम एकच. चालेल?

त्यांच्याजवळ बसायला, सोबत जेवायला काहीच हरकत नाही. काळजी घ्यायची ती लघवी, शौच आणि उलटीची. शेवटच्या डोसनंतरही ४८ तास त्यातून औषधाचा अंश जातो. झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. ही साफसफाई तुम्ही करायची नाही. घरातल्या पुरुषांनी हातमोजे घालून करावी, त्यात अवघड काही नाही.

वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या डब्यात आणि बाकी सगळं पिवळ्या पिशवीत घालून नर्सनं परत न्यावं. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पेशीनाशक औषधांचा कचरा पिवळ्या रंगातच जातो. सॅनिटरी पॅडसारखं लाल ठिपक्याच्या पुडक्यात घालाल, तर ते घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंच्या हातात जाईल. आणखी एक : पाण्यात मिसळलेलं अ‍ॅझासिटिडिन खोलीच्या तापमानाला तासभरच टिकतं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तास कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. सिरिंज थंड डब्यातूनच आली पाहिजे.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाचा ल्युकेमिया आता मेंटेनन्सवर (आजार उलटू नये म्हणूनच्या गोळ्यांवर) आहे. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन द्याव्यात का?

आजोबा, दोन कधीच देऊ नका. राहिली ती राहिली, पण डॉक्टरांना कळवा. गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, म्हणून या साध्या दिसणाऱ्या गोळ्यांनाही केमोच समजा. उलट मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेततं. तिची बाटली वेगळ्या खणात ठेवा, कालनिर्णयवर तिचा वार आधीच गोल करा आणि गोळी देणारं माणूस एकच असू द्या. अर्धी करायची असेल तर हातमोजे घालून करा, आणि तो चुरा ओट्यावर सांडू देऊ नका.