कमिशनिंगचं घोडं कुठे अडतं?

मोठ्या प्रकल्पांच्या उभारणीवर आलेल्या पत्रांपैकी या वेळी कमिशनिंगबद्दलची, म्हणजे उभारलेला प्रकल्प तपासून प्रत्यक्ष चालू करण्याबद्दलची, पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या २२ महिन्यांच्या रासायनिक प्रकल्पाच्या बार चार्टवर कमिशनिंगला शेवटचे २ महिने दाखवले आहेत. आत्ता कुठे पीअँडआयडीची (पाइप आणि उपकरणांची जोडणी दाखवणाऱ्या आराखड्यांची) पहिली आवृत्ती हाती आली आहे. एवढ्यात कमिशनिंगचं बघायचं म्हणजे घाई नाही का होणार? — प्रकल्प अभियंता, तळोजा

उत्तर : घाई नाही, हीच वेळ आहे. चार्टच्या टोकावरची ती पट्टी फसवी असते. आधीच्या प्रत्येक कामाला झालेला उशीर तिच्यातूनच कापला जातो.

गोची अशी, की उभारणी होते विभागवार आणि कारखाना चालू होतो सिस्टिमवार. कूलिंग वॉटरचंच बघा. टॉवरचा ठेकेदार एक, पंप हाउसचा दुसरा, पाइप रॅकचा तिसरा. आढावा बैठकीत तिघेही ९५ टक्के काम झाल्याचं सांगतात आणि तिघेही खरंच बोलत असतात. पाणी मात्र थेंबभरही फिरत नाही, कारण तिघांचे उरलेले ५ टक्के एकाच लाइनवर असतात.

म्हणून पीअँडआयडीचा संच टेबलावर पसरा आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसा. कूलिंग वॉटर, इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह आणि उपकरणं चालवणारी हवा), नायट्रोजन, डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), वाफ अशा प्रत्येक सिस्टिमला एक रंग आणि एक क्रमांक द्या. हद्द शक्यतो व्हॉल्व्हवर किंवा फ्लँजवर (पाइपच्या बोल्टने जोडलेल्या सांध्यावर) आणा, म्हणजे तिथे ब्लाइंड (बंद चकती) टाकून अलीकडचा भाग चालू करता येतो आणि पलीकडे वेल्डिंग चालू राहू शकतं. हद्दीवर फ्लँजची जोडी नसेल तर आज ती कागदावर पाच मिनिटांत वाढते. तीच जोडी रॅकवर, शेजारची लाइन भरलेली असताना बसवायची म्हटलं तर हॉट वर्क परमिटपासून (ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या परवानगीपासून) सुरुवात करावी लागते.

मग शेवटून मागे मोजत या. पहिलं उत्पादन, त्याआधी वाफ, त्याआधी डीएम वॉटर, इन्स्ट्रुमेंट एअर, कूलिंग वॉटर, कंट्रोल सिस्टिम, बॅटरी आणि यूपीएस, सगळ्यात आधी बाहेरून येणारी वीज. एअर कॉम्प्रेसर पाण्याने थंड होणारा असेल तर कूलिंग वॉटर त्याच्याआधी लागणार, आणि त्या पाण्याचे कंट्रोल व्हॉल्व्ह हवेवर चालणारे असतील तर सुरुवातीला ते हाताने उघडून ठेवावे लागणार. असे तिढे या कसरतीतच सुटतात. विद्युत निरीक्षकांची परवानगी, बाष्पके संचालनालयाची तपासणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारखाना चालवण्याची संमती, हे सगळंही त्याच साखळीत लिहा. परवानग्यांची वेगळी यादी केली की ती फायलीतच राहते.

उभारणी साधारण ६० ते ७० टक्क्यांवर आली की ठेकेदारांचा पाठपुरावा विभागवार सोडून सिस्टिमवार सुरू करायचा. सिस्टिमचे क्रमांक आधीपासून लाइन लिस्ट, केबल शेड्यूल आणि इन्स्ट्रुमेंट इंडेक्समध्ये असतील तरच हे जमतं. त्या टप्प्यावर क्रमांक देत बसलात तर महिना गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : हायड्रोटेस्टचं (लाइनमध्ये दाबाखाली पाणी भरून घ्यायच्या चाचणीचं) पाणी हा इतका मोठा विषय आहे का? बोअर आहे, टँकर आहेत. — साइट इन्चार्ज, पालघर

उत्तर : आहे, आणि किनारपट्टीवर तर जास्तच. स्टेनलेस स्टीलच्या लाइनसाठी पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या आत ठेवण्याची अट बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये असते. समुद्राजवळच्या बोअरचं पाणी या अटीत बसेलच असं नाही. टँकरवाला कुठून भरतो तेही बघा, आणि प्रत्येक खेपेला नमुना तपासा.

पाणी किती लागेल याचा हिशेब आधी मांडा. २० इंची पाइपच्या १०० मीटर लांबीत सुमारे १९ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे मीटरला जवळजवळ १९० किलो. ती लाइन वाफेची असेल तर तिचे सपोर्ट एवढं वजन पेलणारे आहेत का, हे डिझाइनवाल्यांना विचारायची वेळ आत्ता आहे, लाइन भरताना नाही. स्प्रिंग सपोर्टच्या लॉकिंग पिना टेस्टच्या वेळी जागेवर असाव्या लागतात आणि लाइन गरम करण्याआधी काढाव्या लागतात. एखादी पीन विसरली की लाइन तापल्यावर तिथे हलत नाही आणि सगळा ताण जवळच्या यंत्राच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) येतो. त्यामुळे पिना मोजून काढा आणि मोजून स्टोअरमध्ये जमा करा.

टेस्ट झाली की खरी चूक होते. पाणी ‘नंतर काढू’ म्हणून आतच राहतं. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि वेल्डच्या आसपास स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी भोकं पाडतात, कधी कधी काही आठवड्यांतच. लाइन रिकामी करून हवेने सुकवणं हे टेस्टचाच भाग म्हणून ठेकेदाराच्या कामात लिहा. त्यासाठी सखल जागी ड्रेन आणि उंच जागी व्हेंट लागतात, ते आयसोमेट्रिकवर (लाइनच्या ड्रॉइंगवर) असायला हवेत. आणि हे सगळं पाणी सोडणार कुठे, तेही ठरलेलं हवं. नाल्यात सोडून चालत नाही.

प्रश्न : आमच्या डीएम प्लांटची क्षमता ताशी ८ घनमीटर आहे. बॉयलरच्या स्टीम ब्लोइंगला (नव्या लाइनमधली घाण वाफेच्या झोताने बाहेर काढण्याला) तो पुरेल का? — युटिलिटी विभाग, बारामती

उत्तर : तुम्ही ब्लोइंग कसं करणार, त्यावर आहे. रोजच्या कामात कंडेन्सेट (वाफेचं पुन्हा झालेलं पाणी) परत येतो, म्हणून मेकअप (भरीचं पाणी) थोडाच लागतो आणि प्लांटही तेवढाच घेतलेला असतो. ब्लोइंगमध्ये वाफेचा थेंबही परत येत नाही. ताशी ४० टनांनी सलग ६ तास ब्लोइंग केलं तर २४० टन पाणी हवेत गेलं. तुमचा प्लांट रिजनरेशनचा (रेझिन पुन्हा ताजं करण्याचा) वेळ वजा जाता दिवसात २० तास चालला तरी १६० घनमीटर देईल.

पफिंग, म्हणजे थांबून थांबून छोटे ब्लो, केलं तर हिशेब बदलतो. त्याच दराचा ५ मिनिटांचा एक ब्लो म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. दिवसाला ८ ब्लो धरले तर २७ टन. शिवाय दोन ब्लोंच्या मधे लाइन थंड होते, त्या आकुंचनाने मिलस्केल (पोलादावरचा काळा पापुद्रा) सुटतं, हा वरचा फायदा. दिवस मात्र जास्त लागतात.

ब्लोचा जोर पूर्ण भाराच्या वेळच्या वाफेच्या ओढीपेक्षा जास्त असायला हवा, म्हणजे क्लीनिंग फोर्स रेशो १च्या वर. नाही तर ब्लोमध्ये न निघालेला कण पहिल्या पूर्ण भाराला निघतो आणि टर्बाइनच्या पात्यांवर आपटतो. तात्पुरती पाइप, तिचे अँकर, सायलेन्सर आणि टार्गेट प्लेटचा (वाफेतल्या कणांच्या खुणा बघायच्या पट्टीचा) होल्डर यांची ड्रॉइंग मुख्य पाइपिंगच्या ड्रॉइंगसोबतच निघायला हवीत. ब्लोच्या धक्क्याने तात्पुरत्या पाइपवर मोठं बळ येतं, ती दोरखंडाने बांधून भागत नाही.

प्रश्न : पर्चेस ऑर्डर देताना कमिशनिंगसाठी काय लिहून घ्यावं? — खरेदी विभाग, चाकण

उत्तर : वेंडरच्या माणसाचे दिवस आणि फेऱ्या, दोन्ही आकड्यांत, जादा दिवसाचा दरही ऑर्डरमध्येच. ‘गरजेनुसार’ हा शब्द खोडा. कमिशनिंगचे स्पेअर दोन वर्षांच्या स्पेअरपासून वेगळे मागवा. फ्लशिंगला (लाइन धुताना) जो फ्लँज उघडणार, त्याचं स्पायरल वाउंड गॅस्केट पुन्हा वापरता येत नाही, म्हणून अशा प्रत्येक फ्लँजला किमान दोन जादा. पंपाच्या सक्शनला स्टार्टअप स्ट्रेनर (सुरुवातीपुरती गाळणी) घालणार असाल तर काढता येईल असा स्पूल (पाइपचा तुकडा) आणि स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेजची सोय आधीच करून ठेवा. ती नसेल तर स्ट्रेनर तुंबल्याचं पंप खडखडायला लागल्यावर कळतं.

प्रश्न : आम्ही ३०० खाटांचं रुग्णालय बांधतोय. इमारतीला कारखान्यासारखं कमिशनिंग लागतं का? — वास्तुविशारद, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लागतं. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ३ जून २०१२ला ठरलं होतं. महिनाभर आधी ते रद्द झालं, कारण आग लागल्यावर धूर बाहेर खेचणारी यंत्रणा आणि तिचं कंट्रोल एकत्र चालत नव्हतं. स्वयंचलित यंत्रणा जमेपर्यंत दरवाजांवर माणसं उभी करावीत असाही प्रस्ताव आला होता. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२०ला.

तुमच्याकडेही पंखे, डँपर (हवेच्या वाहिनीतले उघडबंद होणारे पडदे), लिफ्ट, दरवाजे आणि जनरेटर वेगवेगळ्या ठेकेदारांचे असतील. कुठला डिटेक्टर वाजला की काय काय सुरू आणि काय काय बंद व्हायला हवं, याचा एकच तक्ता या सगळ्यांच्या निविदांना जोडा. एकत्रित चाचणी मेन वीज तोडून घ्यायची, हेही त्यातच लिहा. मेनवर सगळं छान चालतं. जनरेटर भार घेईपर्यंतच्या काही सेकंदांत पॅनेल रीसेट होतं आणि पंखा पुन्हा सुरूच होत नाही. प्रत्येक फायर डँपरखाली फॉल्स सीलिंगमध्ये उघडता येणारी झडप दाखवा. सीलिंगवाला नेहमी डँपरच्या चाचणीआधी काम उरकतो आणि मग नव्या कोऱ्या पीओपीला भोकं पाडावी लागतात.