सरकारी कर्ज दरडोई वाटून काही कळत नाही

"कर्ज सरकारने काढलं, मग माझ्या वाट्याचे इतके पैसे मी का फेडू?" हा तुमचा प्रश्न. एकूण कर्जाला लोकसंख्येने भागायचा हा हिशेब सगळीकडे फिरतो, पण त्यात येणं-देणं यातली एकच बाजू आहे. सरकारचं देणं हे कुणाचं तरी येणं असतं: रोखे, म्हणजे सरकारने उधारीच्या बदल्यात दिलेले व्याजाचे कागद, बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड यांच्याकडे असतात. (धनको परदेशी असेल तर गोष्ट वेगळी, व्याज देशाबाहेर जातं.) मुद्दल तर सहसा नवे रोखे काढूनच फिरवलं जातं. तेव्हा बघायचं ते व्याज: कुठल्या करातून जातं आणि कुणाच्या हातात पडतं.

समजा, खर्चावर १० टक्के कर आहे. एकाची कमाई १०० आणि ती सगळी खर्च होते. कर १०, म्हणजे कमाईच्या १० टक्के. दुसऱ्याची कमाई १,०००, खर्च ४००. कर ४०, म्हणजे ४ टक्केच. उरलेल्या ६०० मधून त्याने रोखे घेतले, तर पहिल्याने भरलेल्या करातला काही भाग व्याज म्हणून त्याच्याकडे येतो. दर सर्वांना सारखा, भार मात्र उलटा. कर्ज तेच ठेवून व्याजाचा भार चढत्या दराच्या आयकरावर टाकला, तर हे चित्र पालटतं.

"पुढच्या पिढीवर बोजा" हेही सरसकट खरं नाही. ३० वर्षं टिकणारं धरण ३० वर्षांच्या रोख्यांतून बांधलं, तर वापरणारेच फेडतात. यात अन्याय कसला? पगार आणि अनुदानं उधारीवर चालवली, तर लाभ आजचा आणि बिल उद्याचं. आणखी एक गोची म्हणजे धरण वर्षभराच्या मुदतीच्या रोख्यांवर बांधणं. दरवर्षी नव्याने उधारी करावी लागते आणि व्याजदर चढले की गणित कोलमडतं.

कर्ज झेपतंय का, याचा हिशेब सोपा आहे. कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ६० टक्के, व्याज ७ टक्के, जीडीपीची चालू किमतींनुसार, म्हणजे महागाई धरून, वाढ ८ टक्के: व्याज सोडून बाकी जमाखर्च जुळत असेल, तर वर्षाने ६० × १.०७ ÷ १.०८, म्हणजे सुमारे ५९.४. व्याज ९ आणि वाढ ५ झाली की तेच ६२.३. मग ६० वर थांबायलासुद्धा दरवर्षी जीडीपीच्या सुमारे २.३ टक्के शिल्लक काढावी लागते, कर वाढवून किंवा खर्च छाटून. युरोपीय संघ स्थापणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातले तुटीचे ३ आणि कर्जाचे ६० टक्के हे आकडेही एकमेकांशी जुळतात ते ५ टक्के वाढ धरली तरच.

कर न वाढवता सुटायची चोरवाट म्हणजे महागाई: कर्जाचा आकडा तोच राहतो, पैशाची किंमत घटते. तिचा फटका रोख रक्कम आणि ठरावीक पेन्शनवाल्यांना बसतो, आणि त्यावर कुठल्याच सभागृहात मतदान होत नाही.

अर्थसंकल्प उघडाल तेव्हा आधी तीन ओळी शोधा: व्याजखर्च भागिले करमहसूल, महसुली तूट (पगार, अनुदानं, व्याज असा चालू खर्च महसुलापेक्षा जितका जास्त तितकी), आणि करमहसुलात अप्रत्यक्ष, म्हणजे खर्चावर लागणाऱ्या, करांचा वाटा.