सईला पत्र : पांढरा भात म्हणजे मैदाच का?

चि. सई,

तू फोनवर विचारलंस, "आजी देवाला पांढऱ्या भाताचीच मूद का ठेवते? शाळेत तर सांगतात, पांढरा तांदूळ नैसर्गिक नसतो, मैद्यासारखाच असतो." यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत : तो नैसर्गिक आहे का, आणि अंगाला मानवतो का. पहिल्याचं उत्तर आजीच्या डब्यातच आहे.

पांढऱ्या तांदळाचा एक अख्खा दाणा घे, कणी नको. खिडकीशी उजेडात धर. एका टोकाचा कोपरा कुरतडल्यासारखा दिसेल. तिथे अंकुर होता, तो गिरणीत गेला. आता ब्राउन राइसचा दाणा बघ. कोपरा भरलेला, अंगावर तपकिरी साल. दोन्हींचे वीस-वीस दाणे रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांध आणि फडकं वाळू देऊ नकोस. तीन-चार दिवसांत तपकिऱ्यांतल्या काहींना मोड येतील. पांढऱ्यांना येणार नाहीत.

गिरणीत घडतं ते एवढंच. आपल्या भाषेत शेतातलं ते भात आणि ताटातला तो भात. मधे गिरणी आली की नपुंसकलिंगाचं पुल्लिंग होतं! १०० किलो भात भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं, ८ ते १० किलो कोंडा, आणि हातात येतो ६५ ते ७० किलो तांदूळ, कणी धरून. तूस माणसाला खाताच येत नाही, त्यामुळे ब्राउन राइससुद्धा गिरणीतूनच येतो, फक्त एक पायरी आधी थांबतो. मैद्यात गहू दळून चाळतात. इथे दाणा दळत नाहीत, वरून घासतात. म्हणून पांढऱ्या तांदळाला 'नैसर्गिक नाही' म्हणणं मला पटत नाही. तो पुरता सोललेला आहे, हे मात्र खरं. सालीबरोबर बराचसा चोथा आणि ब१ जीवनसत्त्व जातं, आणि इतक्यापुरतं मैद्याशी नातं लागतं.

मग लोक साल काढतात कशाला? कारण कोंड्यात तेल असतं. तूस निघताना कोंड्याला घासा बसला की ते तेल बिघडायला लागतं आणि तांदूळ खवट होतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात ब्राउन राइस दोन-तीन महिन्यांत वास मारू शकतो, तो थोडाथोडा आणून फ्रीजमध्येच ठेवावा. पांढरा मात्र कोरड्या डब्यात वर्षभर राहतो, उलट जुना झाल्यावर मोकळा शिजतो. उखळात सडलेल्या हातसडीच्या तांदळाला थोडा कोंडा चिकटून राहायचा. गिरणीचं पॉलिश आलं आणि तोही गेला.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं, की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसांतला हाच आजार म्हणजे बेरीबेरी. त्या कामाला १९२९ साली नोबेल मिळालं. पण नीट बघ, हा आजार ज्यांच्या ताटात भाताशिवाय फारसं काही नव्हतं त्यांना गाठायचा. कोकणातला उकडा तांदूळ इथे शहाणा ठरतो : भात तुसासकट भिजवून उकडलं की ब१ दाण्याच्या आत मुरतं, मग साल काढली तरी बरंचसं टिकतं.

आता तब्येत. एक वाटी शिजलेला भात, म्हणजे दीडशे ग्रॅम, यात सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असतं आणि चोथा एक ग्रॅमसुद्धा नाही. नुसता खाल्ला तर रक्तातली साखर भराभर चढते. ब्राउन राइसने थोडी सावकाश चढते, पण म्हणून दुप्पट खाल्ला तर काय उपयोग? कोल्हापुरी ताटात आधी भाकरी, भाजी, उसळ आणि शेवटी आमटी-तूप घालून भात. पोट निम्मं भरल्यावर भात आपोआप कमी जातो. तांदळाच्या प्रथिनात जे उणं असतं ते डाळ भरून काढते. गगनबावडा, आजरा, चंदगडकडे भातच मुख्य. तिथेही सोबत आमटी घट्ट आणि भाजी भरपूर हवी. बिघडतं ते भाताचा डोंगर आणि त्यावर पळीभर पातळ आमटी असली की. साखरेचा त्रास असलेल्या माणसाने वाटी मोजूनच घ्यावी, रंग कोणताही असो.

हातसडीचा किंवा ब्राउन राइस करायचाच असेल तर पांढऱ्यासारखा लावू नका. साल पाणी पटकन आत जाऊ देत नाही. बाहेरून फुटतो, आत टचटचीत राहतो. चार तास तरी भिजवा, एका वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी, चार शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. नव्या इंद्रायणी तांदळाला दोनच वाट्या पुरतात, जास्त झालं की गिचका. आणि दोनदाच धुवायचा. पाणी काचेसारखं होईपर्यंत चोळत बसलं तर उरलंसुरलं ब१ मोरीत जातं.

राहिली मूद. घरात जे शिजतं त्यातलंच पहिलं ताट देवाचं असतं, आणि आजीकडे पांढरा शिजतो. शिवाय मूद पडायला दाणा दाण्याला धरून राहावा लागतो. इंद्रायणी किंवा आजऱ्याचा घनसाळ चिकट, म्हणून तो बसतो. (घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आखूड दाणा, शिजताना वास शेजारी जातो.) ब्राउन राइसचा दाणा सालीमुळे सुटा राहतो आणि वाटी उचलली की मूद ढासळते. करून बघ : वाटीला आतून तुपाचं बोट फिरव, गरम भात भर, पळीच्या पाठीने हलकेच दाब आणि ताटात उलटी घाल. लगेच उचलू नकोस, आधी वाटीच्या बुडावर दोनदा टिचकी मार.

फडक्यातल्या दाण्यांचं काय झालं ते कळव.

बाबा
श्टुटगार्ट