घरी केलेला क्रीमी मशरूम सॉस पाणचट होतो आणि कधीकधी फाटतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई नडते. मशरूममध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 200 ग्रॅमचं पाकीट चिरून लहान कढईत कोंबलं आणि वर लगेच मीठ घातलं, की ते परतले जात नाहीत, स्वतःच्याच पाण्यात शिजतात.

पसरट पॅन चांगला तापवा. चमचाभर तेल आणि थोडं लोणी घाला (नुसतं लोणी मोठ्या आचेवर करपतं). काप एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. आधी पाणी सुटेल, पॅनमध्ये खदखद ऐकू येईल. ते आटलं की आवाज बदलतो, कोरडं चरचर सुरू होतं, कडा तांबूस होतात. सगळी चव इथेच तयार होते. मीठ आता घाला.

मग बारीक कांदा, लसूण, एक चमचा मैदा. मैदा मिनिटभर भाजून अर्धा कप कोमट दूध थोडंथोडं घाला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मिरपूड जरा सढळ हाताने.

क्रीम अगदी शेवटी, गॅस मंद करून. आपल्याकडची पाकिटातली फ्रेश क्रीम साधारण 25 टक्के फॅटची असते, खळखळून उकळली की फाटू शकते. क्रीम नसेल तर घरची ताजी साय फेटून घाला, मी बऱ्याचदा तेच करते. लिंबू पिळायचंच असेल तर गॅस बंद केल्यावर.